थंडीतली जाड झोळी

मी एक जुना ताणकाटा आहे, मित्रांनो. पोटात पोलादी स्प्रिंग, तोंडावर गोल तबकडी, खाली लोखंडी आकडा. आकड्याला कापडी झोळी आणि झोळीत बाळ. माझ्या माथ्यावर एक छोटा स्क्रू आहे. आधी रिकामी झोळी अडकवायची, स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायचा, मगच बाळ ठेवायचे.

लसीकरणाच्या दिवशी मी दवाखान्याच्या दाराशी टांगलेला असे. आधी वजन, मग लस. सिस्टर मला फार मानत. "हा सासूसमोरसुद्धा खरं बोलतो," असे त्या सुनांना सांगत.

एका हिवाळ्यात गार झोळीत ठेवताच बाळे कळवळून रडू लागली. सिस्टरांनी घरच्या दुलईची जाड झोळी शिवून आणली. बाळे शांत झाली, आया खूश झाल्या. त्या कौतुकात स्क्रू फिरवायचा राहिला. नवी झोळी जुनीपेक्षा चारशे ग्रॅम जड होती.

त्याच दुपारी एक आई पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन आली.

"सिस्टर, महिनाभर नीट पीतच नाही ही. हलकी लागते हो."

मागच्या महिन्यात मुलगी पाच किलो होती. आता काटा पाच किलो चारशेवर थांबला.

"अगं, चांगली वाढलीय की. तुझ्या हातापेक्षा माझा काटा खरा. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते. आई मुलीला लस टोचून घेऊन घरी गेली.

तीन आठवड्यांनी झोळी धुवायला काढताना सिस्टरांची नजर तबकडीवर गेली. झोळी रिकामी, काटा चारशेवर. त्यांनी स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला. मग मला पिशवीत घालून घरोघर निघाल्या. दाराच्या चौकटीला टांगून त्यांनी एकेक बाळ पुन्हा मोजले.

चौथ्या घरी त्या मुलीच्या आईने दार उघडले. तिने झोळीकडे पाहिले.

"आता कुणाला मोजता, सिस्टर? गेल्या आठवड्यात गेली ती."

आता दवाखान्यात विजेवरचा वजनकाटा आहे. मी कोठीतल्या खिळ्याला लटकतो. माझा काटा अगदी शून्यावर आहे. सिस्टर येता-जाता अजूनही पाहून जातात. तरी मला झोळीत कुणीतरी असल्यासारखे वाटते. पाच किलो. एक ग्रॅमही जास्त नाही.

मित्रांनो, वजन करताना आधी शून्य बघा. आणि आई म्हणाली, बाळ हलकं लागतंय, तर मला नको, तिला आधी विचारा.