फुटलेली हरितलवके

मित्रांनो, मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे. नळ्यांतला द्रव गरगर फिरवून जड ते तळाशी बसवायचे, हे माझे काम. वनस्पतींच्या एका प्रयोगशाळेत, फ्रिजला खेटून, मी एकोणीस वर्षे फिरलो.

मटारची कोवळी पाने वाटून त्यांचा हिरवा रस माझ्यात ठेवत. थोड्या वेळाने नळीच्या तळाशी हरितलवके जमत. हरितलवक म्हणजे पानाचे स्वयंपाकघर. पण तिथे राबणारी बहुतेक प्रथिने बाहेर, पेशीत तयार होतात. त्यांच्या पुढच्या टोकाला पत्त्यासारखा एक तुकडा असतो. हरितलवकाच्या दुहेरी आवरणातली दारे तो ओळखून प्रथिनाला आत ओढतात. आत गेल्यावर तो तुकडा कापला जातो.

ही दारे पत्ता कसा ओळखतात, याचा शोध आमच्या मोठ्या बाई घेत होत्या. त्यांची सहकारी, जिला सगळे चष्मेवाली म्हणत, ती प्रथिन बनवून हरितलवकांत मिसळी. मग प्रथिने पचवणारे विकर घाली. बाहेर राहिलेले प्रथिन नष्ट व्हायचे, आत शिरलेले वाचायचे.

एका वर्षी मात्र काहीच वाचेना.

"तू लावलेला पत्ताच चुकलाय," बाई म्हणाल्या. "पुन्हा कर."

चष्मेवालीने तीनदा नव्याने प्रथिन बनवले. तीन महिने गेले. शेवटी बाई वैतागल्या. "तुला हे झेपत नाहीये. पुढच्या महिन्यापासून दुसरं कुणीतरी बघेल." त्या दिवशी तिने नळ्या दोनदा धुतल्या.

खरे कारण मला ठाऊक होते. माझा एक भाग झिजला होता आणि मी वेगाचा काटा दाखवी त्याहून फार जोरात फिरत होतो. नाजूक हरितलवके फुटत. आवरणच फाटल्यावर विकर आत घुसून सगळेच फस्त करी. पण सांगणार कसे? माझा नुसता आवाज बदलला होता.

एके दुपारी यंत्रदुरुस्तीचे काका शेजारचा फ्रिज बघायला आले आणि थबकले.

"हा असा कधीपासून ओरडतोय?"

"असाच ओरडतो तो," चष्मेवाली म्हणाली.

"छे! मी ओळखतो याला." त्यांनी पिशवीतून वेग मोजायचे यंत्र काढले. "काटा मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर आहे, आणि हा चार हजारांच्या वर पळतोय!"

चष्मेवालीने लगेच नळीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. "बाई, सगळी फुटलीत!"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर, तिनेच पहिल्यांदा बनवलेले प्रथिन घेऊन प्रयोग झाला. प्रथिन वाचले. शिवाय थोडे आखूड झाले होते. म्हणजे आत जाऊन पत्ता कापला गेला होता.

बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "चूक तुझी नव्हती. मी तुला तीनदा तपासलं, यंत्राला एकदाही नाही."

"ते असू द्या, बाई. आधी ते पुढच्या महिन्याचं मागे घ्या."

"घेतलं," बाई म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी दोघी हसल्या.

काकांनी मला दुरुस्त केले. आता नवे यंत्र आले आहे. माझ्याकडे किरकोळ कामे असतात. त्याचे दुःख नाही. मित्रांनो, आमची निगा म्हणजे नुसती धूळ पुसणे नव्हे. आमचा काटा अधूनमधून दुसऱ्या मापाने पडताळा. आणि एखाद्या माणसाला दोष द्यायची वेळ आली, तर त्याआधी नक्की पडताळा.