इंजिनात अडकलेले काका

शेडसमोर अर्धी गल्ली लोटली होती. आत मावशीची जुनी व्हॅन आणि उघड्या बॉनेटसमोर डोळे मिटून उभा वाहनबाबा. मावशीने सेल्फ मारला. गाडी नुसतीच खोकली आणि शेडच्या अंधारात इंजिनावर निळी ठिणगी थरथरली.

"बघा! तुमचे यजमान!" बाबा मावशीला ओरडून म्हणाला. गल्लीने हात जोडले.

काका गेल्यापासून मावशी याच व्हॅनमधून शाळेची मुलं पोचवून घर चालवत होती. हल्ली दमट सकाळी गाडी चालूच होईना. झालीच तर मिसिंग मारत, गचके देत चाले. बाबाचं निदान तयार होतं: काकांचा जीव इंजिनात अडकलाय!

"मग कोरड्या दुपारी गाडी नीट चालते, तेव्हा काका कुठे जातात?" मी विचारलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि मला गप्प बसता येत नाही.

"दुपारी ते विश्रांती घेतात," बाबा शांतपणे म्हणाला.

मग त्याने बॉनेटखाली निखाऱ्यांची शेगडी धरून बराच वेळ मंत्र पुटपुटले. गाडी सुरू! "आज ऐकलं त्यांनी. पण मुक्ती हवी, तर गाडी आश्रमाला अर्पण करा. उद्याच."

म्हणजे काका वर आणि गाडी बाबाच्या दारात! माझं डोकंच सणकलं. "मावशी, गाडी गेली तर खाशील काय?"

"अरे, पण ते खरंच आत असतील तर?" तिचे डोळे भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चावी घ्यायला हजर. गाडी पुन्हा ठप्प. मी केस वाळवायचा ड्रायर आणला.

"काकांचे केस वाळवणार का?" कुणीतरी खिदळलं.

"त्यांना टक्कल होतं," मावशी फणकारली.

मी एकही मंत्र न म्हणता प्लगच्या वायरींवर गरम हवा सोडली. मावशीने सेल्फ मारला. गाडी चालू!

"कालच्या मंत्राचा गुण!" बाबा घाईघाईने म्हणाला.

मावशी खाली उतरली. तिने इस्त्रीचा पाण्याचा फवारा आणून वायरींवर मारला. निळी ठिणगी नाचली, इंजिन गचके देत बंद पडलं.

"माझा नवरा रोज नदीत पोहायचा," ती बाबाला म्हणाली. "चार थेंबांनी गारठणारा हा कोण?"

मी वायरीचं तडकलेलं रबर सगळ्यांना दाखवलं. ओल धरली की वीज प्लगपर्यंत न पोचता तिथूनच बाहेर उडते. तीच ती ठिणगी. शेगडीने ओल वाळते, एवढाच चमत्कार. बोलून वळलो तर बाबा पसार!

मावशीने बॉनेटवर हात ठेवला. "म्हणजे नाहीत ना रे ते आत?"

"नाहीत, मावशी."

ती हमसून रडली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "चल, नवी वायर आणू. मुलं खोळंबलीत."

माणूस गेल्याचं दुःख खरं असतं, म्हणूनच बाबा नेमका तिथे हात घालतो. त्याला काही देण्याआधी एवढंच करा: तो जे करतो, ते त्याच्याशिवाय करून बघा.