वेदरबीचा खांब

वेदरबी कॉलेजच्या मैदानावर सामना असला की जोआन फिंचम दोन गोष्टी घेऊन हजर होते: खेकड्याच्या वड्यांचा डबा आणि जुनी टिंगल. डबा सगळ्यांसाठी असतो. टिंगल फक्त कोच रॉझलिन हॅनवेसाठी.

"ए खांबा! जरा हल की, डोक्यावर कावळा बसेल!"

"तू आधी तोंडातला वडा गिळ!" रॉझलिन मागे न बघताच ओरडते.

दोघी एकेकाळी याच मैदानावर एकत्र खेळल्या. जोआन गोल राखायची, रॉझलिन तिच्या पुढ्यात बचावाला. टोकाला चेंडू झेलायची जाळी असलेल्या लाकडी काठ्या, चौकड्यांचे स्कर्ट आणि गुडघे कायम सोललेले. बायकांच्या लॅक्रॉसचा नियम तेव्हा भलता कडक होता. अंपायरची शिट्टी वाजली की जिथे असाल तिथे थिजायचं. पाऊल हललं की फाऊल. नियम पाळण्यात रॉझलिनचा हात धरणारी कुणी नव्हती, आणि तिथेच घात झाला. लीगचा अंतिम सामना, बरोबरी, शेवटचं मिनिट, आणि शिट्टी वाजली. रॉझलिन थिजली. शिट्टी मात्र कुंपणापलीकडच्या मैदानातली होती, मुलांच्या सरावाची. समोरची पोरगी तिच्या बगलेतून सुटली आणि जोआनच्या मागच्या जाळीत चेंडू टाकून नाचायला लागली. कप गेला, आणि रॉझलिनचा कायमचा खांब झाला.

दुसरी एखादी त्या मैदानाकडे पुन्हा फिरकली नसती. ही बया कोच होऊन परत आली आणि हट्टाने मुलींना तेच शिकवत राहिली. शिट्टीवर थांबा, पण आपल्याच अंपायरच्या, आणि थांबाल तर दगडासारखं. वेदरबीचा फाऊल सापडत नाही अशी लीगभर ख्याती झाली. त्या जोरावर संघ कितीदा अंतिम सामन्यापर्यंत पोचला, पण कप काही मिळाला नाही. आता हे तिचं शेवटचं वर्ष होतं. उन्हाळा लागला की निवृत्ती. कप यंदा आला तर आला, नाहीतर कधीच नाही.

आणि यंदाच नियम बदलला! शिट्टीने खेळ थांबला तरी पळत राहायला मोकळीक मिळाली. बाकीच्या संघांच्या मुली खुशाल धावत होत्या आणि वेदरबीच्या मुली शिट्टी ऐकली की खिळल्यासारख्या उभ्या राहत होत्या. सुरुवातीचे सामने धडाधड हातचे गेले.

टेसा, तिची मदतनीस, पूर्वी तिच्याच हाताखाली खेळलेली. तिने एकदा सरळच सांगून टाकलं, "कोच, राग मानू नका. पोरींना थांबायला तुम्ही शिकवलंत. आता विसरायलाही तुम्हीच शिकवा."

राग आलाच. रॉझलिन तरातरा कुंपणाकडे चालत गेली. पलीकडे मुलांचा सराव रंगात आला होता. तिथे शिट्टी वाजली आणि तिचा पाय आपसूक थांबला. इतक्या वर्षांनी, तेही नुसतं चालताना! तिला रडू आलं, मग स्वतःचंच हसू आलं. तिने जोआनला फोन लावला.

"जो, तुला शिट्टी वाजवता येते का गं?"

"तुझ्या लग्नात वाजवली होती की! पाद्री दचकला होता."

दुसऱ्या दिवसापासून सराव मुद्दाम मुलांच्या वेळेला सुरू झाला. जोआन कुंपणाशी खुर्ची टाकून बसायची आणि मनाला येईल तेव्हा शिट्टी फुंकायची. जी थांबेल तिने मैदानाला फेरी मारायची. रॉझलिन स्वतः मुलींबरोबर काठी घेऊन पळत होती, आणि सगळ्यांत जास्त फेऱ्या तिलाच पडत होत्या.

"कोच, तुमच्यामुळे पायवाट पडली बघा इथे!" मॅलरी ड्वायर म्हणायची. पुढच्या फळीतली ही सर्वांत चपळ आणि सर्वांत वात्रट पोरगी.

"पळ गं, दात नंतर दाखव!"

हळूहळू फेऱ्या कमी झाल्या आणि वेदरबी जिंकू लागली. पोरी अशा काही सुटल्या की अंतिम सामना पुन्हा याच मैदानावर आला. समोर केनमूर कॉलेज. शनिवार, लख्ख ऊन, बाकांवर बसायला जागा नाही. आणि सामना तर काय सांगावा! हे पुढे की ते पुढे, बघणाऱ्यांचा जीव टांगणीला लागलेला. शेवटच्या मिनिटाला बरोबरी आणि चेंडू मॅलरीच्या काठीच्या जाळीत.

"जा, पोरी, जा!" रॉझलिनचा आवाज केव्हाच बसला होता.

मॅलरी गोलाच्या मागून वळून पुढे आली. केनमूरची लांब वेणीची बचावपटू तिला चिकटून होती. इंचभर जागा सोडत नव्हती. आणि तेवढ्यात शिट्टी वाजली. कुंपणापलीकडून, मुलांच्या सरावातली.

वेणीवाली जुन्या सवयीने थिजली. काठी अर्ध्यावर, एक पाय उचललेला. मॅलरीच्या कानावर शिट्टी पडली की नाही कुणास ठाऊक. ती तशीच घुसली आणि खांद्यावरून असा फटका मारला की गोलकीपरला चेंडू दिसलासुद्धा नाही.

गोल! लगेच भोंगा वाजला. संपलं!

केनमूरचा कोच हात नाचवत धावला. "शिट्टी झाली होती!"

"माझी शिट्टी माझ्या दातांत आहे," अंपायर बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि ती वाजलेली नाही. गोल!"

सगळं मैदान उसळलं. मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. टेसा रडत, हसत कोचला मिठी मारायला आली, तर कोच जागेवर नाही! रॉझलिन पळत सुटली होती. कुणाला वाटलं मॅलरीकडे चालली, कुणाला वाटलं कपाकडे. ती दोन्हींना ओलांडून थेट गोलासमोर गेली. तिथे केनमूरची पोरगी अजून तशीच उभी होती. फक्त पाय तेवढा खाली टेकला होता.

"नाव काय तुझं?"

"ब्रिजेट." पोरगी मान खाली घालूनच म्हणाली.

"ब्रिजेट, मीपण इथेच उभी होते. याच गोलासमोर, असल्याच शिट्टीवर."

पोरीने मान वर केली. "खरंच? मग काय झालं?"

"हरलो. आणि माझं नाव खांब पडलं."

"माझी गोलकीपर मला जन्मात माफ करणार नाही," ब्रिजेट हुंदका देत म्हणाली.

रॉझलिनने तिच्या खांद्यावर हात टाकला आणि बाकांकडे बोट केलं. तिथे जोआन खुर्चीवर चढून, रिकामा डबा पिटत, गळा फाडून ओरडत होती, "अगं खांबा, पळालीस! पळालीस की गं!"

"ती माझी गोलकीपर," रॉझलिन म्हणाली. "तिनेही अजून माफ केलेलं नाही. पण एक सामना चुकवला नाही तिने माझा. चल, तुझी शोधू या."