याकोपोचं बोलकं घड्याळ

माणसं आमच्या अंगणातल्या माझ्या भावाच्या थडग्यावर बसली होती, थडग्याभोवती बसली होती आणि जागा संपली तेव्हा माझ्या केळीच्या वाफ्यातही बसली. पलीकडच्या गावांतून ट्रक भरभरून आलेली ही माणसं. एरवी त्या थडग्यावर आम्ही धुतलेले कपडे वाळत घालतो. आता म्हणे तिथे चपला घालून जायचं नाही! थडग्याच्या उशाशी याकोपोचा फोटो, फोटोला शिंपल्यांची माळ, आणि माळेत अडकवलेलं त्याचं मनगटी घड्याळ. ऑकलंडहून मुलानं पाठवलेलं, फोनवरचं बोलणं मनगटावरच ऐकू येतं त्यातलं. फोटोकडे कुणी बघतही नव्हतं. सगळ्यांचे डोळे घड्याळावर.

शंख वाजला. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली. ह्या वेळेला आमच्या गावात रस्त्यावरून सायकलसुद्धा जात नाही, माणूस असेल तिथे बसतो आणि डोळे मिटतो.

पोआसा उभा राहिला. हा आमचा चुलतभाऊ. वीस-एक वर्षं ऑकलंडला होता, याकोपोच्या मातीला आला तो परत गेलाच नाही. पांढराशुभ्र सदरा, कमरेला लुंगीसारखा गुंडाळलेला पांढरा लावालावा, आणि अंगाला अत्तराचा असा दर्प की डुकरंही चार हात लांब राहावीत.

"बंधूंनो, मायमाउल्यांनो!" तो म्हणाला, "ज्याच्या त्याच्या खिशात सैतानाचं पोर बसलंय. काढा ते बाहेर! ह्या यंत्रांच्या कलकलाटात स्वर्गाचा आवाज कुठून पोचणार? हा बघा, आधी मीच टाकतो माझा!"

झावळीच्या टोपलीत त्यानं आपला फोन पालथा घातला. मग सगळ्यांनी टाकले. टोपलीवर बारीक विणीची चटई पांघरली आणि ती थडग्याच्या पायरीवर ठेवली. प्रार्थना झाली, स्तोत्र झालं. मग चिडीचूप. समुद्र तेवढा ऐकू येत होता.

घड्याळ खरखरलं. आणि माझा मेलेला भाऊ बोलला.

"सिएनी... कशी आहेस? मी बरा आहे. काळजी करू नकोस."

बायका रडायला लागल्या. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. आवाज याकोपोचाच होता. मी त्याची थोरली बहीण, त्याला अंगाखांद्यावर खेळवलेली. शब्दाच्या शेवटी तो जो सुस्कारा टाकायचा, तोसुद्धा होता.

"दवाखान्यात नेऊ नका," घड्याळ म्हणालं. "घरीच राहू दे."

सिएनी, त्याची बायको, थडग्यावर कपाळ टेकून हुंदके देत होती. तिचा उजवा पाय उशीवर ठेवलेला, फडक्यात गुंडाळलेला. त्या फडक्याचा वास अत्तरातूनही येत होता.

सिएनीला साखरेचा आजार. ओहोटीला शिंपले वेचताना प्रवाळ लागलं, अंगठा चिरला, चिघळला, काळा पडला. डॉक्टरीणबाई घरी येऊन स्पष्ट सांगून गेली होती, "आज आलात तर अंगठ्यावर भागेल. उशीर केलात तर पाय जाईल, आणखी उशीर केलात तर तुम्ही जाल." सिएनी निघालीही होती, पिशवी भरून बसली होती. त्याच संध्याकाळी घड्याळ पहिल्यांदा बोललं आणि पिशवी रिकामी झाली.

सकाळी मी गाडी दारात आणून उभी केली. "वहिनी, ऊठ. चल."

"वन्सं, काल तुम्ही होतात ना तिथे? ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"आवाज कुणाचा होता?"

"याकोपोचा."

"मग झालं तर! तीस वर्षं संसार केला मी त्या माणसाबरोबर. त्याचं ऐकू की त्या कालच्या पोरीचं?"

तेवढ्यात पोआसा आलाच, हातात तेलाची बाटली. "लागीताई, तू कशाला जिवाला घोर लावून घेतेस? साखर म्हणजे काय? साठलेलं दुःख! दुःख उतरलं की साखर उतरते. सात संध्याकाळ हे तेल चोळलं की अंगठा नव्या नारळासारखा लख्ख."

"अंगठ्याचा रंग बघितलास का, मेल्या?"

"श्रद्धेनं बघ ताई, श्रद्धेनं. डोळ्यांनी काय, कोंबडंसुद्धा बघतं."

थडग्यापाशी बसलेल्या बायका हसल्या. मला हसल्या. चाळीस वर्षं ह्याच बायकांच्या पोरांना मी शाळेत पाढे शिकवले, आणि आज मी कोंबडं ठरले.

गाडी रिकामी परत गेली. मी घरी येऊन तारोचे कंद सोलायला बसले, पण सुरी चालेना. काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. भावाचा आवाज कानात पुन्हा पुन्हा घोळवला. दवाखान्यात नेऊ नका, घरीच राहू दे. आणि एकदम लक्षात आलं, त्या आवाजाच्या मागे कुणीतरी खोकत होतं. बारीक, चिवट, शेवटी शिटी वाजणारा खोकला. असा खोकला आमच्या आख्ख्या सातुफिया गावात एकाच बाईचा. माझ्या आईचा.

आईला जाऊन सहा वर्षं झाली. मी स्वतःशीच म्हटलं, अगं बाई, स्वर्गात जाऊनही म्हातारीचा दमा गेला नाही का?

मग मी फोन घेतला. आमच्या कुटुंबाचा गट आहे फोनवर, निम्मे ऑकलंडला, निम्मे इथे. लिहायचा कंटाळा सगळ्यांना, म्हणून जो तो बोलूनच निरोप पाठवतो. याकोपो तर सगळ्यांत बडबड्या, नाश्त्याला काय खाल्लं तेही बोलून पाठवायचा. मी मागे मागे जात राहिले. दुपार कलली तेव्हा सापडलं. आई अंथरुणाला खिळली होती, ऑकलंडची मंडळी मोठ्या दवाखान्याचा धोशा लावून बसली होती, त्यावर याकोपोनं निरोप पाठवला होता. मागे आईचा खोकला. घड्याळ बोललं तो शब्द न शब्द त्यात होता, आजूबाजूचं तेवढं कापलेलं. आणि पोआसा तेव्हाही गटात होता.

म्हणजे शब्द पोआसानं कुठून उचलले ते कळलं. पण घड्याळातून वाजतात कसे? फोन तर सगळ्यांचे टोपलीत, चटईखाली!

संध्याकाळी सिएनीला सहज विचारलं, "वहिनी, घड्याळाला चार्जिंग कोण लावतं गं?"

"चार्जिंग? इश्श, त्याला कशाला हवं आता? पोआसा रोज दुपारी घेऊन जातो, तेलानं पवित्र करतो आणि आणून ठेवतो."

जिवंत होता तोवर याकोपो एक दिवसाआड ते घड्याळ चार्जिंगला लावायचा आणि दर खेपेला शिव्या घालायचा. मेल्यावर त्याच घड्याळाला तेल पुरायला लागलं! तिथेच माझी ट्यूब पेटली. चर्चच्या गायकवृंदाचा सराव मी घेते. एकदा सरावाला फोनवर स्तोत्र लावलं तर फोन मुका. मी बसलेय फोन आपटत, आणि स्तोत्र वाजतंय पलीकडच्या सभागृहातल्या स्पीकरमधून, तिथे पाद्रीणबाई एकट्या झाडत होत्या, त्या घाबरून झाडू टाकून पळाल्या. फोन मुका नव्हताच. मी आदल्या दिवशी आवाज जिकडे पाठवला होता, तिकडेच तो जात होता. फोनला काय, सांगाल तिकडे ओरडेल. स्वतः पालथा पडून दुसऱ्याच्या तोंडून बोलेल.

त्याच रात्री सिएनीला सांगितलं. निरोपही वाजवून दाखवायला गेले. तिनं कानांवर हात ठेवले. "तुमच्या फोनातलं तुम्ही काहीही ऐकवाल. तुम्हाला माझं सुख बघवत नाही, वन्सं." मी बाहेर आले. आता हे सगळ्यांसमोरच करायला हवं होतं, आणि दिवसागणिक तो काळा रंग वर चढत होता.

शनिवारी गावचे सगळे मताई, म्हणजे घराण्यांचे प्रमुख, आमच्या अंगणात जमले. याकोपोही मताई होता. मताई मरताना पुढचा मताई म्हणून ज्याचं नाव घेईल त्याचं पारडं जड, अगदी कोर्टसुद्धा तो शब्द विचारात घेतं. पण याकोपो झोपेतच गेला, नाव घ्यायचं राहून गेलं. पोआसानं दवंडी पिटली होती, "आज तो राहिलेला शब्द याकोपो स्वतः बोलणार!" आता कळलं ना घोडं कुठे पेंड खातंय? सिएनी दवाखान्यात गेली असती तर अंगण ओस पडलं असतं आणि हा खेळ मताईचा मान पदरात पडायच्या आधीच आटोपला असता. त्यासाठी तिला थडग्यापाशी बसवून ठेवलं होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा!

शंख वाजला. टोपली फिरली. पोआसाचा फोन आधी, मग सगळ्यांचे. स्तोत्र मी सुरू करून देते, म्हणून माझी जागा पायरीजवळच. स्तोत्र संपलं. शांतता. घड्याळ खरखरलं.

"पोआसा," याकोपोचा आवाज आला, "घर आता तू सांभाळ—"

मी चटई ओढली आणि सगळ्यांत तळाचा फोन उचलला. पडदा उजळला. कुलूप होतं, पण वाजणाऱ्या गाण्याची पट्टी कुलपावरही दिसतेच. पट्टी पुढे सरकत होती, आणि खाली लिहिलं होतं, याकोपोचं घड्याळ. मी त्यावर बोट ठेवलं. दुसरं नाव आलं, हा फोन. त्यावर बोट ठेवलं.

"—बाकी कुणावर माझा भरवसा नाही," याकोपो माझ्या तळहातावर बोलला. घड्याळ गप्प.

"सैतान!" पोआसा किंचाळला. "सैतान शिरला फोनात! खाली टाक, ताई, हात जळेल!"

"जळू दे. चाळीस वर्षं खडू धरलाय, माझा हात नाही जळत." मी फोन उंच धरला. "बघा नीट. इथे बोट लावलं की आवाज थडग्यावर." घड्याळ बोललं. "इथे लावलं की माझ्या हातात." फोन बोलला. "थडग्यावर. हातात. थडग्यावर. हातात. सुरुवातीला प्रार्थनेपुरती शांतता भरून ठेवलीय, मग आवाज. कुणाला स्वतः करून बघायचंय? या, सैतान चावत नाही."

सगळ्यांत वयस्कर मताई काठी टेकत आला, त्यानं बोट लावून बघितलं. दोनदा बघितलं. मग पोआसाकडे न बघता थुंकला.

"आणि हे ऐका," मी म्हटलं आणि टोपलीतून माझा फोन घेऊन तो जुना निरोप लावला. याकोपोचा आवाज अंगणभर आला. "आईला आता दवाखान्यात नेऊ नका. नव्वद वर्षांची झालीय ती, तिला इथेच जायचंय. घरीच राहू दे." मागे आई खोकत होती. "ते 'घर तू सांभाळ'ही असंच कुठल्या तरी जुन्या निरोपातून कापलेलं."

सिएनी माझ्याकडे बघत होती. तिनं कुणाला शिव्या दिल्या नाहीत.

"वन्सं," ती म्हणाली, "म्हणजे तो माझ्याशी बोललाच नाही? एकदाही?"

"नाही गं, वहिनी."

"ते 'काळजी करू नकोस'?"

"मागे कधी आपिया शहराला गेला असेल तेव्हाचं."

तिनं पायाखालची उशी काढून काखेत घेतली. मग म्हणाली, "गाडी मिळेल का?"

गाडी मिळाली. पाय मिळाला नाही. डॉक्टरांनी गुडघ्याच्या वरून कापला. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्या दिवशी आल्या असत्या तर..." मी म्हटलं, "बाई, पुढचं बोलू नका."

पोआसानं रिवाज पाळला हो! पहाटे आमच्या अंगणात येऊन डोक्यावरून चटई पांघरून बसला. असं कुणी बसलं की घरच्यांनी चटई उचलायची आणि क्षमा करायची. मताईंनी उचलली. मी उचलली नसती, उन्हात दुपारपर्यंत भाजू दिला असता. नंतर त्यालाही पंगतीत जेवायला घातलं, आणि तो विमानानं ऑकलंडला निघून गेला. क्षमा रिवाजानं मिळते. पाय कुठल्या रिवाजानं परत मिळतो ते मला कुणी सांगितलं नाही.

आणि तुम्हाला वाटेल गाव शहाणं झालं. कसलं काय! "त्या दिवसाचं खोटं असेल, पण आधीचं खरं होतं," असं मला तोंडावर सांगणाऱ्या बाया आहेत. परवाच एक तरुण बाई लांबच्या गावाहून आली, कडेवर तापानं फणफणलेलं पोर. ते घड्याळ पोराच्या कपाळाला लावायचं म्हणाली.

मी तिला म्हटलं, "अगं, आवाज ऐकू आला की कुणाचा आहे ते मागाहून विचार. आधी विचार, तो कुठून येतोय, कुणी सोडलाय आणि त्यात कुणाचं भलं आहे. देव असला तरी असल्या प्रश्नांनी रागावत नाही, रागावतो तो भामटा. आणि पोराला ताप असेल तर एवढंही विचारत बसू नकोस, दवाखाना गाठ."

बाई ऐकेना. ती सिएनीकडे वळली. "पण मावशी, तुम्ही स्वतः ऐकलात ना? खरं सांगा. आवाज त्यांचाच होता ना?"

सिएनी थडग्यावर बसली होती. तिनं लावालावा मांडीपर्यंत वर घेतला आणि जिथे पाय संपत होता ती जागा त्या बाईला दाखवली.

"त्याचाच होता," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा असता तर मी ऐकलं असतं का?"