रामू भगताची पिवळी

"पिवळी निघाली! निघाली रे, निघाली!"

रामू भगत ओरडला आणि सुकापूरच्या देवळासमोरचा मांडव नुसता हादरला. घंटा काय, टाळ्या काय, शिट्ट्या काय! भगताच्या एका हातात निरगुडीचा ओला फोक होता आणि दुसऱ्या हातात एका म्हाताऱ्याचे उरलेसुरले केस. फोक सपकन पाठीवर बसला की म्हातारा गुरासारखा हंबरायचा.

"हा नाय ओरडत, याच्यातली पिवळी ओरडतेय!" भगत गर्दीला समजावून सांगायचा. "जातेस का नाय गो? का सोलून काढू?"

पुन्हा सपकन! म्हाताऱ्याच्या सदऱ्यावर लाल रेघ उमटली. लोकांनी हात जोडले.

मग भगताची बायको सोनाबाई पुढे आली. तिने म्हाताऱ्याच्या हातांना तीर्थ चोळलं. तीर्थ म्हणजे तांब्यातलं तपकिरी पाणी. ते हात तिने घमेल्यातल्या काचेसारख्या स्वच्छ पाण्यात बुडवले, आणि बघता बघता पाणी पिवळंधमक! कावीळ अशी डोळ्यांदेखत अंगातून निथळताना बघितल्यावर डॉक्टरकडे कोण कशाला मरायला जातंय?

पुढचा नंबर रंजितावहिनीचा होता.

दहावीतल्या मनस्वीने तिचं कोपर घट्ट धरलं होतं. शाळेतून थेट आल्यामुळे अंगावर गणवेशच होता. वहिनीला सातवा महिना लागलेला, डोळे लिंबासारखे पिवळे, पाय थरथरत होते. मागे मनस्वीची आई भामा देवाचं नाव घेत होती, आणि वहिनीचा नवरा, म्हणजे मनस्वीचा धनेशदादा, छाती पुढे काढून उभा होता.

वहिनीच्या पाठीवर फोक बसला. ती गुडघ्यांवर कोसळली.

"पोटावर नाय मारत हां मी," भगत गर्दीकडे बघून हसला. "रामू भगताला सगळं समजतं!"

पाणी पिवळं झालं. पण भगताने मान हलवली. "ही साधी नाय. पोराला धरून बसलीय. उद्या डाग द्यायला लागंल. विळा लाल करायचा आन् बेंबीच्या वर टेकवायचा. मगच सुटंल."

"नको!" वहिनी किंचाळली. "आई, नको ओ!"

"जरा सोस गो पोरी," भामा रडत म्हणाली. "पोरासाठी सोस."

वहिनीला उठवताना मनस्वीच्या मनगटावर आणि पांढऱ्या बाहीवर तीर्थ सांडलं होतं. चिकट हात तिने पुढच्या रोग्यासाठी भरून ठेवलेल्या ताज्या घमेल्यात बुचकळला. बोटांवरून पिवळं पाणी ओघळलं. म्हणजे आपल्यालाही?

तिने सरळ रिक्षा पकडली आणि पनवेलच्या एसटी स्टँडमागचा, ओळखीच्या डॉ. शरीफांचा दवाखाना गाठला.

"डॉक्टर, मला कावीळ झालीय. पण मला डाग नकोय!"

"सलाम नाही, नमस्कार नाही, एकदम रोगाचं नाव? मग फी तूच घे," डॉ. शरीफा म्हणाल्या. त्यांनी तिची पापणी खाली ओढली. "अगं, डोळे तर दह्यासारखे पांढरे आहेत. भूक लागते?"

"दुपारी वडापाव खाल्ला. दोन."

"काविळीचा पेशंट वडापावच्या वासानेच पळतो. तू नापास झालीस बेटा."

मनस्वीला हसू फुटलं, आणि हसू फुटल्याबरोबर तोंडही सुटलं. "मग सध्या पास कोण होतंय?"

"सगळे मेरिटमध्ये! डेंगीने तर तुमच्या नव्या टॉवरच्या पाण्यात स्विमिंग पूल काढलाय. टायफॉइड पाणीपुरीच्या गाडीवर हजेरी लावतो. गोवर बिचारा लस बघितली की नापास होतो, पण यंदा काही आईबापांनीच त्याला कॉपी पुरवली."

"आणि कावीळ?"

"ती वर्गाची मॉनिटर! तुमच्या सुकापूरचेच पेशंट जास्त. नळाची लाईन फुटलेली, तीही गटारात बुडालेली, आणि घरोघर लाईनला मोटार. नळाला पाणी नसताना मोटार लावली तर ती काय ओढेल?"

"हवा?"

"गटार! तेच तुम्ही माठात भरता आणि वर वाळा टाकता."

"ईईई! डॉक्टर!"

दोघी खो-खो हसल्या. हसता हसताच मनस्वीने वहिनीचं सांगितलं, आणि डॉक्टरांचं हसू एकदम थांबलं.

"कितवा महिना?"

"सातवा. आजकाल झोपूनच असते. सकाळी मला ओळखलंच नाही तिने. दादा म्हणतो, अंगात पिवळी आहे म्हणून."

"या अल्लाह." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मनस्वी, नीट ऐक. पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांना आराम केला की बरी होते. म्हणून तर भगतांचं फावतं. रोग आपला आपण जातो आणि हार यांच्या गळ्यात पडतो. पण गरोदर बाईला यातली एक कावीळ मारू शकते. ही झोप, हे माणसं न ओळखणं म्हणजे लिव्हर हात टेकतंय. तिला आजच ॲडमिट करायला हवं."

त्यांनी धनेशला फोन लावला. फोनमधला आवाज मनस्वीलाही ऐकू आला.

"आमचा बाप दवाखान्यातच गेला, डॉक्टरीणबाई! आता बायको नाय देणार!" फोन कट.

डॉक्टरांनी फोन खाली ठेवला. मग त्यांची नजर मनस्वीच्या बाहीवरच्या तपकिरी डागाकडे गेली. त्यांनी खालच्या पानवाल्याकडून चुना मागवला, ग्लासभर पाण्यात ढवळला आणि खाली बसू दिला. वरची निवळ दुसऱ्या ग्लासात ओतली. अगदी काचेसारखं पाणी! त्यात त्यांनी बाहीचं टोक बुडवलं.

पिवळंधमक!

"आता तुझ्या बाहीलाही कावीळ झाली," डॉक्टर म्हणाल्या. "हा आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस असणार. चुन्याची निवळ लागली की पिवळा होतो."

मनस्वी ताडकन उठली. "देवळामागच्या आंब्याची साल ताजी तासलीय! मी बघितलीय, डॉक्टर!"

"आज तुझा दादा तिला उंबरा ओलांडू देणार नाही. पोलिसांना मी कळवते, उद्या डागाआधी ॲम्ब्युलन्स घेऊन येते. पण मी बोलले तर म्हणतील, डॉक्टरीण गिऱ्हाईक शोधायला आली. दाखवायचं काम तुझं. जमेल?"

"न जमायला काय झालं!" मनस्वी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मांडवात शेगडी पेटली होती. विळा निखाऱ्यात लालभडक झाला होता. वहिनीला आडवं केलं होतं. दोन बायकांनी तिचे पाय धरले होते, आणि खांदे धरले होते धनेशने. वहिनी ओरडत नव्हती, 'नको, नको' म्हणत नुसती कण्हत होती.

भगताने विळा उचलला.

"भगतबाबा!" मनस्वी गर्दीतून घुसत खणखणीत ओरडली. "तुमाला कधी कावीळ झालीय का ओ?"

"मना कावीळ?" भगताने छाती ठोकली. "या अंगाला पिवळी शिवत नाय! रामू भगत म्हणतात मना!"

"सगळ्यांनी ऐकलंत ना?" म्हणत मनस्वीने सोनाबाईचा तांब्या हिसकला आणि तीर्थ भगताच्या हातांवर ओतलं.

क्षणभर कोणाला काही कळलंच नाही. मग भगताने विळा टाकला आणि फोक उचलला. पहिला फटका मनस्वीच्या गालावर बसला. ओठ फाटला, तोंडात रक्ताची खारट चव आली. दुसरा कानावर बसला. धनेशही धावला, त्याने तिची वेणी धरून मागे खेचलं. पण मनस्वीने भगताचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ती ते सोडत नव्हती. झटापटीत तिघंही घमेल्यावर आदळली. भगताचे दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात गेले.

पाणी पिवळं झालं. असं पिवळं, की आजवर कुठल्या रोग्याचं झालं नसेल!

टाळी नाही, शिट्टी नाही. मग मागून एक बाई म्हणाली, "आता गो बाय! भगतालाच पिवळी?"

"कोणालाच नाय!" मनस्वी रक्त थुंकून म्हणाली. "आंब्याच्या सालीचा रस आणि चुन्याची निवळ! दादा, तुझे हात दे. तुला कावीळ नाय ना? मग बुडव!"

पडलेला तांब्या उचलून तळाशी राहिलेलं तीर्थ तिने धनेशच्या तळहातांना फासलं. त्याने हात शेजारच्या दुसऱ्या, स्वच्छ पाण्याच्या घमेल्यात घातले आणि बोटांवरून ओघळणाऱ्या पिवळ्या रंगाकडे तो बघतच राहिला.

आणि मग गर्दी उलटली. कालचा म्हातारा पहिला पुढे आला. त्याने तोच फोक उचलला आणि भगताच्या तोंडावर हाणला. चपला उडाल्या, कोणीतरी भगताला केसांनी धरून फरपटलं, सोनाबाई हंबरडा फोडू लागली. भगताच्या नाकातून रक्त वाहू लागलं.

"थांबा!" मनस्वी मध्ये घुसली. पाठीत एक चुकार गुद्दा बसलाच. "काल याचं ऐकून हात जोडलेत, आज माझं ऐकून मारताय? मग तुमच्या डोक्याने काय केलं? याला पोलिसांकडे द्या. पुढच्या वेळी कोणी चमत्कार दाखवला की एवढंच विचारा, हाताला आधी काय चोळलंस? पाण्यात काय घातलंस? माझ्यावरपण विश्वास ठेवू नका. चुना पानाच्या टपरीवर मिळतो, घरी करून बघा! आणि तोवर पाणी उकळून प्या!"

म्हाताऱ्याचा हात वरच राहिला. मग हळूहळू खाली आला. तोवर ॲम्ब्युलन्स आली होती, मागोमाग पोलीसही. डॉ. शरीफांनी कोणाला एक शब्द सुनावला नाही. वाकून त्यांनी वहिनीची नाडी धरली आणि म्हणाल्या, "स्ट्रेचर. लवकर."

पुढचे दिवस वाईट गेले. वहिनीला शुद्ध नव्हती. धनेश दवाखान्याच्या पायरीवर बसून असायचा. मनस्वीच्या ओठाला टाके पडले होते आणि तिला हसायची बंदी होती. अशी शिक्षा तिला उभ्या जन्मात कोणी दिली नव्हती.

मग एका दुपारी वहिनीने डोळे उघडले. बाळाचे ठोके नीट होते. सगळ्यांत आधी धनेश आत धावला.

"मना वाटलं, तू बरी होशील," तो कसाबसा म्हणाला. "सगळे म्हणत होते."

वहिनीने त्याच्याकडे बघितलं. डोळ्यांत पिवळेपणा अजून होता, पण नजर आता तिची स्वतःची होती.

"माजे खांदे तुमी धरले होते," ती म्हणाली. "मी नको नको म्हणत होते. सगळ्यांना विचारलंत तुमी. मना एकदा तरी विचारायचं, का ओरडतेस म्हणून."