बोरमाळावरची चौकी

नेसरीच्या खिंडीपासून आमचं गाव चार मैलांवर. त्यामुळं आमच्या भागात भाषण करणाऱ्याला विषय शोधावा लागत नाही. सात घोडेस्वार अख्ख्या फौजेवर तुटून पडले, एवढं म्हटलं की टाळ्या. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून मी सुभेदार म्हणून घरी आलो, तेव्हापासून मलाही दरवर्षी शाळेत बोलावतात आणि मी दरवर्षी हेडमास्तरांचा हिरमोड करतो. मी पोरांना सांगतो, शूर माणसं दोन्हीकडं असतात. लढाई कशासाठी चाललीय हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, तो लढाईत नसतो, घरी असतो.

अठ्ठ्याण्णव साली असंच भाषण झाल्यावर पृथ्वीराज माझ्या सोप्यात येऊन बसला. पृथ्वीराज म्हणजे आमच्याकडचा उगवता पुढारी. एका शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष, वय पस्तीस, बोलणं तुपातलं. त्याला कॉलेजसाठी बोरमाळ पाहिजे होता. गावाच्या वरच्या अंगाला चाळीस एकर गायरान, आणि त्यावर केरबा धनगर आणि त्याच्या भावकीची अकरा खोपटी. तीस वर्षं ती माणसं तिथं मेंढरं राखत होती. पृथ्वीराजानं दोनदा जेसीबी पाठवला, दोन्ही वेळा धनगरांच्या बायका पुढं आडव्या झोपल्या, आणि पेपरात फोटो आला तो त्या बायकांचा. पुढं निवडणूक लढवायची असलेल्या माणसाला असला फोटो परवडत नाही.

त्यानं मला विचारलं, फौज उंचवट्याची जागा कशी घेते. समोर चहा होता, ऐकणारा मिळाला होता. म्हातारा शिपाई आणखी काय मागतो? मी पाघळलो. म्हटलं, चढाई करून घेणारा मूर्ख. तिथं आपली एक चौकी बसवायची, लहानशी. समोरच्यानं ती खपवून घेतली तर जागा आपली. त्यानं हात लावला तर पहिला हल्ला त्याचा ठरतो, आणि मग आपण काहीही केलं तरी लोक माना डोलावतात. फक्त चौकी अशी पाहिजे, की तिला हात लावायची कुणाची छाती होऊ नये.

तो शांतपणे ऐकत होता. जाताना म्हणाला, माळावर भरतीच्या पोरांसाठी प्रशिक्षण केंद्र काढायचंय, प्रमुख तुम्हीच. मी तोंडानं नको नको म्हटलं आणि मनात मांडे खाल्ले.

पुढच्या वर्षी जुलैत मल्लेश गेला. किराणा दुकानवाल्या बसलिंगाप्पाचा एकुलता एक. फौजेच्या भरतीसाठी त्याला मीच पहाटे पळवला होता, मीच त्याची छाती मोजली होती. ज्या डोंगरावर तो पडला त्याचं नाव गावात एकालाही नीट घेता येत नव्हतं. दोन दिवसांनी पेटी बेळगावपर्यंत येणार आणि तिथून फौजेची गाडी गावात आणणार, असं कळलं.

बसलिंगाप्पा लिंगायत. त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात. मांडी घालून बसवायचं, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवायचं. पण फौजेकडून निरोप होता की पेटी उघडू नका. उघडण्यासारखं काही राहिलं नसेल हे मला कळलं, आणि माझ्या तोंडाकडं बघून बसलिंगाप्पालाही कळलं. त्याची बायको महादेवी तेवढी उभी राहिली. एरवी ती माझ्यासमोर पदर सावरून आत जायची.

"सुभेदारआण्णा, बसवता येत न्हाय तर न्हाय. निजवून पुरू. पर आमच्या रानात, त्याच्या आज्ज्याशेजारी. येवढंच माजं मागणं हाय."

त्यांचं रान ओढ्याकडंला, तीन एकर भात. बांधाच्या वरच्या कोपऱ्यात घरातली सगळी माणसं पुरलेली. मी हो म्हटलं.

तासाभरात पृथ्वीराज आला. त्याचे डोळे खरंच ओले होते, खोटं कशाला बोलू. म्हणाला, रानात चिखल आहे, सलामीचे जवान कुठं उभे राहतील, लोक कुठं मावतील? एवढ्या मोठ्या पोराला बांधाच्या कोपऱ्यात घालायचं? बोरमाळ उंच आहे, कोरडा आहे. माळाच्या मध्यावर समाधी बांधू, तालुका दर्शनाला येईल.

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानंही माझ्याकडं बघितलं. माझंच वाक्य माझ्यासमोर उभं होतं, आणि तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच थांबलं असतं. गावात माझा शब्द चालत होता. मी तोंड उघडलं ते महादेवीची समजूत घालायला. सांगितलं, वैनी, पोरगं आता तुमचं एकटीचं राहिलं नाही. त्या वाक्याची मला आजही शिसारी येते. तिनं नवऱ्याकडं बघितलं, नवरा जमिनीकडं बघत होता. ती आत गेली, आणि आम्ही त्याला होकार धरलं.

माळाच्या बरोबर मध्यावर केरबाची वाघर होती, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. निरोप घेऊन मीच गेलो. मला वाटलं भांडण होणार. केरबानं पटका काढून हातात घेतला.

"सायब, पोरगं आमच्यासाठीच मेलं न्हवं? वाघर हलवतो की."

वाघर त्यानं आपल्या हातानं हलवली. वरून तो माळ म्हणजे खडक, पावसातही कुदळ ठणठणते, म्हणून खड्डासुद्धा त्यानं आणि त्याच्या भावांनीच खणला. दिवस मावळेपर्यंत खणत होते. पृथ्वीराजानं त्यांना स्वतःच्या हातानं पाणी दिलं, आणि पेपरात फोटो आला तो त्याचा.

महिन्याभरात समाधीभोवती कठडा झाला आणि पाटी लागली, पावित्र्य राखा. मेंढरांना पाटी वाचता येत नाही. एका सोमवारी कठड्याच्या आत लेंड्या सापडल्या. त्या मेंढरांनी टाकल्या की माणसानं, मला माहीत नाही. विचारावं असंही वाटलं नाही. दहा वाजता दोनेकशे पोरं माळावर चढली. त्यातली निम्मी मी पळवलेली, म्हणून चढण चढताना एकालाही दम लागला नाही. "मल्लेश अमर रहे" म्हणत त्यांनी अकराच्या अकरा खोपटी पेटवली. केरबाची आई चिमणाबाई चालू शकत नव्हती. तिला उचलून बाहेर आणलं आणि तिच्यासमोर तिचं खोपटं पेटवलं. वाघरीत कोकरं होती. ती कुणी सोडली नाहीत. केरबा सोडायला धावला तेव्हा त्याचा हात मोडला, आणि संध्याकाळी गुन्हा दाखल झाला तो त्याच्यावर, समाधीच्या विटंबनेचा.

महादेवी दर सोमवारी विभूती लावायला यायची. त्या दिवशीही आली होती. कोकरांचं ओरडणं आणि स्वतःच्या पोराचं नाव ती एकदमच ऐकत उभी राहिली. निवडणुकीला तीन आठवडे होते. पृथ्वीराज दणक्यात निवडून आला.

खोपटी जळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी महादेवी माझ्याकडं आली होती. म्हणाली, माझ्या पोराला तिथनं काढून द्या, आमच्या रानात नेते. मी ते पृथ्वीराजाच्या कानावर घातलं. त्यानं मान हलवली, असं करता येत नाही म्हणाला, स्मारक आता लोकांचं. ती हटली नाही. वर्षभर तिनं अर्ज केले, बसलिंगाप्पानं दुकान बंद ठेवून गडहिंग्लजला खेटे घातले. शेवटी सुनावणी लागली, आणि सगळं एका प्रश्नावर येऊन थांबलं. माळावर पुरायला आईबापांची राजीखुशीनं संमती होती का? हे सांगू शकणारा तिऱ्हाईत माणूस मीच.

आदल्या आठवड्यात मला प्रशिक्षण केंद्राच्या नेमणुकीचं पत्र आलं होतं. ते खिशात ठेवूनच मी साक्षीला गेलो. महादेवी दाराशी बसली होती. मी सांगितलं, होय, राजीखुशीनं. आवाज कापला नाही. गोळ्या झेललेल्या माणसाचा आवाज असल्या ठिकाणी कापत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आता दोन हजार तीन साल चालू आहे. केरबाची भावकी पांगली, कुणी इचलकरंजीत मागावर, कुणी शिरोळकडं ऊसतोडीला. माळाला तारेचं कुंपण आहे, गेटला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडं आहे. रोज सकाळी साठ पोरं समाधीभोवती पळतात, मी शिट्टी घेऊन उभा असतो. पगार वेळेवर होतो.

महादेवी अजून सोमवारी येते, पण गेटच्या बाहेरच थांबते. मी कुलूप काढून बाजूला होतो, तरी आत येत नाही. समाधीकडं बघतच नाही. पळणाऱ्या पोरांकडं बघते, एकेकाकडं, बाजारात जनावर बघावं तसं. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, वैनी, पोराला विभूती तरी लावून जावा.

ती म्हणाली, "माजं झालं, आण्णा. ह्यातला फुडचा कोण, तेवढं सांगा. त्याच्या आईला जाऊन सांगते, पोरासाठी रानात जागा धरून ठेव म्हणून."

पोरं फेरी पुरी करून आली आणि माझ्याकडं बघत थांबली. मी शिट्टी वाजवली आणि त्यांना आणखी एक फेरी मारायला लावली.