पाच ठोक्यांचा रॅम्प

मित्रांनो, मी एक जुना रॅम्प आहे, पण माझं जुनेपण तुम्हाला दिसणार नाही. ते माझ्या पोटात भरलेलं आहे.

डोणगावजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत मी राहतो. रॅम्प म्हणजे पायऱ्यांऐवजी केलेली तिरपी वाट. तांदळाचं पोतं दोन फूट उचलायला दोघे लागतात. हातगाडीवर ठेवून माझ्यावरून एकटा माणूस ते ढकलत नेतो. जोर कमी लागतो, वाट मात्र लांबते. टेम्पोत मोटारसायकल चढवताना तिरपी फळी लावतात ना, ती माझीच बहीण.

शाळेत मतदान होतं, म्हणून मला बांधलं. व्हरांडा दोन फूट उंच. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, म्हणजे चोवीस फूट. पण झेंड्याचा ओटा आड आला. इंद्रभान मिस्त्रींनी मला आठ फुटांतच संपवलं आणि वर घरातल्या फरशीसारखं घोटून गुळगुळीत केलं. सगळ्यांनी मिस्त्रींचा हात वाखाणला.

मतदानाच्या दिवशी पंजाबराव आले. त्यांचा एक पाय अधू होता, हातात लोखंडी टोकाची काठी. काठीचे पाच ठोके टाकत वर आले आणि घसरून बसले. पोरं उचलायला धावली. त्यांनी काठी आडवी धरली.

“मी काय पोतं आहो बे, उचलून न्याले? पुढल्या खेपेले येतो. माह्या पायानं.”

ते मत न देताच परत गेले. पुढची निवडणूक यायच्या आत वारले.

त्यानंतरच्या सोमवारी खिचडी खाऊन पोरं वर्गात बसली. अंगण रिकामं होतं. माझ्या पायथ्याशी ठोका पडला. मग दुसरा. पाच ठोके वर, थोडं थांबणं, पाच ठोके खाली. वजन नव्हतं, सावली नव्हती. पुढे रोज दुपारी तेच. मी मोजत राहिलो. सहावा कधी पडला नाही.

दोन वर्षांनी तिसरीच्या वर्गात अर्पिता आली, चाकांच्या खुर्चीतून. रोज दोन मुली तिला ढकलत. मधल्या सुट्टीत आपल्या मनानं बाहेर यायचं, पुन्हा आत जायचं, एवढंच तिला हवं होतं. एका दुपारी, बाकीच्या आत गेल्यावर, ती एकटी चढू लागली. अर्ध्यात चाकं घसरली. ती उलटी खाली जाणार, हे मला कळत होतं, आणि दगडाला हात नसतात.

तेवढ्यात ठोके आले. एक, दोन, तीन, चार, पाच. खुर्ची जागच्या जागी थांबली.

मुख्याध्यापिका वंदना मॅडम धावत आल्या. अर्पिता म्हणाली, “मॅडम, मांगून कोणंतरी काठी लावली होती.”

मागे कोणी नव्हतं. चाकाच्या मागे सिमेंटला रुपयाएवढा गोल खड्डा पडलेला होता. मॅडम त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रींना बोलावलं आणि हातात टेप दिला. मिस्त्रींनी मोजलं, खड्ड्यावरून अंगठा फिरवला.

“जागा वाचवाले गेलो, मॅडम,” ते हळूच म्हणाले. “माणूस इसरलो.”

त्यांनी मला फोडलं आणि माझेच तुकडे भरून नवा बांधला. मध्ये वळण घेऊन पूर्ण चोवीस फूट, दोन्हीकडे कठडा. या वेळी घोटलं नाही. ओल्या सिमेंटवर खराट्यानं रेघा ओढल्या.

सिमेंट वाळलं त्या दिवशी अर्पिता एकटी वर गेली. वळणावर दम घेतला, कोणाला हाक मारली नाही.

दुपारी ठोके आले. पाच झाले. मी वाट पाहिली. सहावा पडला. मग सातवा. चोवीस मोजले, पुढचे व्हरांड्यात गेले, तिसरीच्या वर्गाकडे. मतदान त्याच खोलीत होतं.

ते खाली आलेले मी अजून ऐकलेले नाहीत.

म्हणून मित्रांनो, माझ्या पायथ्याशी मोटारसायकल लावू नका, माझ्यावर तूर वाळत घालू नका. चढायचा राहिलेला माणूस दरवेळी दिसतोच असं नाही.